लाईट गेली की राऊटर कोरा, सेव्ह करूनसुद्धा

मालवणात होमस्टेवर सेकंडहँड सिस्को राऊटर लावलाय, पावसात लाईट जाऊन आली की हा परत पहिल्यापासून सेटअप विचारणार. राईट मेमरी (सेटिंग सेव्ह करायची कमांड) केलं, इन्व्हर्टरवर टाकला, काय उपयोग नाय. चारदा तेच टाईप करून डोकं आऊट झालेलं.

शेवटी शो व्हर्जन कमांडची अगदी खालची ओळ वाचली, कॉन्फिग रजिस्टर (बूट कसं व्हायचं ते ठरवणारा आकडा) ०एक्स२१४२! आधीच्या मालकाने पासवर्ड काढायला रजिस्टर बदललेलं नि तसंच ठेवलेलं, म्हणून बूट होताना सेव्ह केलेलं कॉन्फिग, म्हणजे सेटिंग, वाचतच नव्हता.

मग या कमांड ओळीने: एनेबल, कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग (सेव्ह केलेलं सेटिंग चालू सेटिंगमध्ये आणायला; इथे उलटं मारलंत तर कोरंच सेव्ह होईल), कॉन्फिगर टर्मिनल, लागणाऱ्या प्रत्येक इंटरफेसवर (पोर्टवर) नो शटडाऊन, म्हणजे तो चालू, कॉन्फिग-रजिस्टर ०एक्स२१०२ (नेहमीचा आकडा), एंड, आणि आत्ता कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग, रीलोड.

मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला, सगळं जागच्या जागी.