एनवायसीफ्लाइट्स१३ वापरताना या चुका टाळा, नाहीतर विमानं गायब होतात

परवा रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन. "दादा, माझी सव्वातीन लाख विमानं गायब झाली, उद्या सकाळी सबमिशन आहे." एरर काहीच नाही, कोड नीट चाललेला, फक्त टेबलं जोडल्यावर तीन लाख छत्तीस हजार ओळींच्या जागी काही हजार उरलेल्या. मी म्हटलं मर्जची, म्हणजे टेबलं जोडणारी ओळ वाचून दाखव, त्याने वाचली आणि मला कळलं, कारण हाच घोळ मी स्वतः घातला होता आणि अर्धा दिवस पायथनला शिव्या दिल्या होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एनवायसीफ्लाइट्स१३ हे आर या प्रोग्रामिंग भाषेतलं हॅडली विकहॅमचं डेटा पॅकेज, आता पायथनमध्येही मिळतं. न्यूयॉर्कच्या जेएफके, लाग्वार्डिया आणि शेजारच्या नेवार्क विमानतळांवरून २०१३ मध्ये सुटलेल्या फ्लाइट्सचा खरा सरकारी डेटा आहे, आणि तो एका टेबलात नाही तर पाच टेबलांत आहे. फ्लाइट्स (३,३६,७७६ ओळी), एअरलाइन्स (१६), एअरपोर्ट्स (१,४५८), प्लेन्स (३,३२२) आणि वेदर. टेबलं जोडायचा सराव करायला याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण यात खऱ्या डेटातले सगळे खड्डे आहेत.

आधी किरकोळ गोष्टी उरकून घेऊ. आरमध्ये इन्स्टॉल केलं आणि थेट फ्लाइट्स लिहिलं तर ऑब्जेक्ट नॉट फाउंड येणारच, इन्स्टॉल एकदाच करायचं पण लायब्ररी कमांड प्रत्येक सेशनला द्यायची असते. पायथनमध्ये मॉड्यूल सापडत नाही म्हणाला तर बहुतेक वेळा पिपने (पायथनचं पॅकेज टाकायचं साधन) एका एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकलंय आणि नोटबुक दुसऱ्यावर चाललंय, नोटबुकच्या सेलमध्येच टक्क्याचं चिन्ह लावून पिप इन्स्टॉल चालवा, प्रश्न मिटतो. आणि स्क्रीनवर दहाच ओळी दिसल्या म्हणून घाबरू नका, दाखवताना तेवढ्याच दाखवतो, डेटा सगळा आलेला असतो. असे दोन फोन मला आलेत, खोटं सांगत नाही.

जरा छुपी चूक म्हणजे फ्लाइट्सला फिल्टर लावून उत्तर परत फ्लाइट्स याच नावात ठेवणं. मग पुढे तासभर तुम्ही फक्त जानेवारीचा डेटा घेऊन वर्षाची सरासरी काढत बसता. आरमध्ये आपल्या नावाचं ऑब्जेक्ट आरएम कमांडने उडवलं की पॅकेजमधलं मूळ फ्लाइट्स परत दिसायला लागतं. पायथनमध्ये इम्पोर्टची ओळ पुन्हा चालवा. पण मुळात नाव वेगळं द्या ना, नावाला काय पैसे पडतात.

आता भावाचा घोळ. फ्लाइट्समध्ये इयर नावाचा कॉलम आहे, प्लेन्समध्येही इयर आहे. पहिल्याचा अर्थ फ्लाइट कुठल्या साली उडाली, म्हणजे सगळीकडे २०१३. दुसऱ्याचा अर्थ विमान कुठल्या साली बनलं. पांडाज या पायथनमधल्या टेबलांच्या लायब्ररीच्या मर्जला कशावर जोडायचं ते सांगितलं नाही तर तो दोन्हीकडे सारख्या नावाचे जेवढे कॉलम सापडतील तेवढे सगळे घेतो, म्हणजे टेलनमही (विमानाचा नोंदणी क्रमांक, टेल नंबर) आणि इयरही. म्हणजे लग्नपत्रिकेवरचं साल आणि आधार कार्डावरचं साल, दोन्हीकडे साल लिहिलंय म्हणून जुळवायला बसल्यासारखं, ज्या साली लग्न त्याच साली जन्म असलेला नवरदेव शोधा. २०१३ मध्ये बनलेली विमानं तेवढी जुळली, बाकीची गळाली, कारण पांडाजचा मर्ज न सांगता इनर जॉइन करतो आणि न जुळलेल्या ओळी गुपचूप टाकून देतो.

आरमध्ये लेफ्ट जॉइन केला तर ओळी जात नाहीत, पण विमानाची माहिती बहुतेक सगळीकडे एनए, म्हणजे रिकामी, येते. तो कुठल्या कॉलमवर जोडतोय ते छापतो, पण तो मेसेज कोण वाचतो? उपाय एवढाच की टेलनमवर जोड असं स्पष्ट लिहा. मग दोन्ही इयर नावापुढे वेगवेगळी शेपटी लागून येतील, प्लेन्सवाल्याचं नाव आधीच बदलून घेतलं तर आणखी बरं. असाच सापळा नेमच्या कॉलमचा, एअरलाइन्समध्ये पण नेम आणि एअरपोर्ट्समध्ये पण नेम. एअरलाइन्स जोडून झाल्यावर एअरपोर्ट्स न सांगता जोडलं तर तो कंपनीचं नाव विमानतळाच्या नावाशी जुळवत बसतो. एअरपोर्ट्समध्ये कोडचा कॉलम एफएए नावाने आहे, त्यामुळे तो फ्लाइट्समधल्या डेस्टशी (उतरायचं ठिकाण) किंवा ओरिजिनशी (सुटायचं ठिकाण) जोडायचा हे तुम्हालाच सांगावं लागतं.

बरं, सगळं बरोबर जोडूनही काही ओळी रिकाम्या राहतात, आणि इथे लोक स्वतःचा कोड उगाच मोडतात. सातशेहून जास्त टेल नंबर प्लेन्समध्ये सापडतच नाहीत. मुख्य कारण अमेरिकन एअरलाइन्स आणि एन्व्हॉय, म्हणजे एए आणि एमक्यू, टेल नंबरऐवजी आपले फ्लीट नंबर, म्हणजे ताफ्यातले क्रमांक, कळवतात, ते कशाशीच जुळत नाहीत. शिवाय २,५१२ फ्लाइट्सना टेल नंबरच नाही. एअरपोर्ट्सचंही तसंच, चार ठिकाणं गायब: पोर्टो रिकोतली तीन आणि व्हर्जिन आयलंड्समधलं सेंट थॉमस. अँटी जॉइन (न जुळलेल्या ओळीच दाखवणारा जॉइन) लावला की चारही कोड समोर येतात. ही तुमची चूक नाही, डेटाच तसा आहे, रिपोर्टमध्ये एक ओळ लिहा आणि पुढे जा.

वेदर जोडताना मात्र सावध. वर्ष, महिना, दिवस, तास आणि विमानतळ एवढं घेतलं की एक ओळ पक्की असं वाटतं ना? ३ नोव्हेंबरला तिकडे घड्याळ एक तास मागे गेलं, त्यामुळे रात्री एकचा तास दोनदा आला आणि तिन्ही विमानतळांना दोन दोन ओळी आहेत. आपल्याकडे घड्याळ मागेपुढे करायची भानगड नसल्याने हे डोक्यातच येत नाही. ओरिजिन आणि टाइम अवर (तारीख आणि तास एकत्र असलेला कॉलम) या दोनवर जोडा, ही जोडी पक्की आहे. पायथनमध्ये टाइम अवर टेक्स्ट म्हणून आलाय का तेवढं बघा, आणि तो यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतो, म्हणून पहाटे पाचच्या फ्लाइटसमोर दहा वाजलेले दिसले तर दचकू नका.

शेवटचं, डेप टाइम, म्हणजे सुटण्याची वेळ, हा कॉलम मिनिटं नाहीत. ५१७ म्हणजे पाच वाजून सतरा मिनिटं. १३०० मधून १२५९ वजा केले तर ४१ येतात, खरं अंतर एक मिनिट. मध्यरात्र तर २४०० अशी लिहिलेली सापडेल. उशीर काढायचा असेल तर डेप डिले तयार आहे, तोच घ्या. आणि ज्या ८,२५५ ओळींत डेप टाइम रिकामा आहे त्या फ्लाइट्स सुटल्याच नाहीत, तिथे शून्य भरलंत तर रद्द झालेली फ्लाइट वेळेवर सुटली असं होईल.

भावाने रात्री पावणेबाराला मेसेज टाकला, '३,३६,७७६ आल्या दादा'. खाली लगेच दुसरा, 'पण यात ५२ हजार रिकाम्या का?' मी एए आणि एमक्यू एवढंच टाइप केलं आणि झोपलो.