उंड्रेडालला निघण्याआधी

उंड्रेडाल म्हणजे नॉर्वेच्या आउरलँड फ्योर्डकाठची (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधे शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) शंभरेक माणसांची वस्ती. १९८८पर्यंत इथे गाडीरस्ताच नव्हता, सगळी ये-जा होडीने. जवळच्या फ्लोमला मोठाल्या क्रूझबोटी लागतात आणि दुपारभर तिथे जत्रा असते. म्हणून माझं ऐकाल तर मुक्काम उंड्रेडाललाच करा. खोल्या मोजक्याच आहेत, तेव्हा बुकिंग सगळ्यात आधी.

मग व्हिसा. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. सहलीत आणखी देश असतील तर जिथे जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. जून-जुलैला जायचं असेल तर परीक्षा संपायची वाट बघू नका. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. खर्च मात्र क्रोनमध्ये होतो; कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, त्यामुळे नोटांची चळत नको.

आता खाऊची पिशवी, कारण आपलं घोडं इथेच अडतं. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच ठेवायच्या (आजीला हे कोण समजावणार, ते तुम्ही ठरवा). बटाटेही नाहीत. भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी घ्या, आणि खोलीला स्वयंपाकघर आहे ना, ते विचारून घ्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या. तुपाची उणीव गावातलं तपकिरी चीज थोडीफार भरून काढतं: शेळीच्या दुधाची निवळी तासन्‌तास आटवून केलेलं, चवीला खरपूस भाजलेल्या खव्यासारखं.

एकच जाडजूड कोट नेण्यापेक्षा थर्मल, लोकरी स्वेटर आणि वर पाणी न शिरणारं जाकीट असं एकावर एक घाला. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही. बूट तळव्याला पकड असलेले हवेत. जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड असतो, म्हणून डोळ्यांवर बांधायची पट्टी. आपली गोल दोन पिनांची चार्जरची पिन तिथे बसते, तीन पिनांसाठी अडॅप्टर लागेल.

ऑस्लो-बर्गन रेल्वेमार्गावर मिर्डालला उतरून फ्लोमची गाडी पकडायची. वीस किलोमीटरांत ती आठशेहून अधिक मीटर खाली उतरते. उन्हाळ्यात तिकिटं संपतात, आगाऊ काढा. फ्लोमहून पुढच्या बसचं वेळापत्रक निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा, फेऱ्या कमी असतात. गावातलं बाराव्या शतकातलं लाकडी चर्च जेमतेम चाळीस माणसांचं आहे. ते आतून पाहायचं तर उघडण्याच्या वेळा आधी विचारा. रविवारी बहुतेक वाणसामानाची दुकानं बंद असतात, तेव्हा ब्रेड, भाजी, अंडी शनिवारीच फ्लोमला घेऊन ठेवा.