मज्जारज्जूची ताजी दुखापत: एमआरआय कसा मागवावा, कसा वाचावा

अपघातात मज्जारज्जूला इजा झाल्याची शंका असेल, तर एमआरआयच्या अर्जावर निवासी डॉक्टरांनी सर्वांत आधी दुखापतीची वेळ लिहावी; रुग्ण दाखल झाला ती वेळ नव्हे. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा एम्स या रुग्णालयांत येणारे अनेक रुग्ण गडचिरोली, गोंदिया, बालाघाट अशा ठिकाणांहून हलवलेले असतात आणि झाडावरून पडण्यासारख्या अपघातापासून तपासणीपर्यंत बरेच तास उलटलेले असतात. रज्जूतील सूज पहिल्या ४८ ते ७२ तासांत वरखाली पसरत जाते, त्यामुळे सुजेची तीच लांबी सहाव्या तासाला एक सांगते आणि छत्तिसाव्या तासाला दुसरेच.

हाडांसाठी सीटी आधी करावा. हातापायांतील अशक्तपणा किंवा बधिरपणाचा उलगडा त्यातून होत नसेल, अथवा अस्थिबंध (हाडे बांधून ठेवणारे पट्टे), मणक्यांमधली चकती आणि रज्जू यांची स्थिती शस्त्रक्रियेपूर्वी पाहायची असेल, तेव्हा एमआरआय मागवावा. स्नायूंची ताकद आणि गुदद्वाराभोवतीची संवेदना त्याआधीच तपासून नोंदवलेली असावी.

मानेची कॉलर न काढता रुग्णाला एमआरआयच्या टेबलावर सरकवावे. लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर दाराबाहेरच राहावा, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र साडीतली सेफ्टी पिन, करगोट्याला बांधलेली पेटीची किल्ली आणि दंडातला ताईत नातेवाइकांना ‘धातू’ म्हणून आठवतच नाहीत, म्हणून त्यांची वेगळी झडती घ्यावी. असा धातू यंत्रात तापून संवेदना गेलेल्या भागात चटका बसला तरी रुग्णाला तो कळत नाही, हेही ध्यानात असावे.

सॅजिटल (उभ्या, बाजूने दिसणाऱ्या छेदाच्या) टी-वन, टी-टू (यात पाणी व सूज पांढरी दिसते) व स्टिर (चरबीचा उजळपणा दाबून सूज ठळक करणारी) आणि इजेच्या पातळीवर ॲक्सियल (आडव्या छेदाच्या) टी-टू व ग्रेडियंट एको (रक्त काळे दाखवणारी) एवढ्या प्रतिमा बहुधा पुरतात. कॉन्ट्रास्टची, म्हणजे प्रतिमा ठळक करण्यासाठी शिरेतून देण्याच्या औषधाची, सहसा गरज पडत नाही. संपूर्ण कण्याची एक सॅजिटल मालिका मात्र घ्यावीच, कारण दुसरी इजा दूरच्या मणक्यातही असू शकते.

वाचताना मधल्या सॅजिटल टी-टू प्रतिमेवर दाब, म्हणजे रज्जूची जाडी किती टक्क्यांनी घटली ते, मोजावा. इजेच्या वरच्या निरोगी पातळीवर रज्जूची जाडी ७.२ मिलिमीटर, खालच्या पातळीवर ६.८ आणि इजेच्या जागी ४.२ असेल, तर सरासरी ७ धरून दाब ४० टक्के होतो. नंतर ॲक्सियल टी-टू पाहून इजेची तीव्रता सांगणारी, २०१५ साली मांडलेली बेसिक श्रेणी द्यावी: रज्जू पूर्ववत दिसत असेल तर ०, पांढरेपणा केवळ रज्जूच्या आतल्या करड्या भागापुरता असेल तर १, तो भोवतालच्या श्वेत भागात शिरला असूनही कडेला काही निरोगी श्वेत भाग उरला असेल तर २, संपूर्ण छेद व्यापला असेल तर ३, आणि त्या पांढरेपणात रक्तस्रावाचे काळे ठिपके असतील तर ४. हा काळा ठिपकाच सर्वांत वाईट खूण होय. केवळ सूज असलेल्या रुग्णात सुधारणेची आशा अधिक असते. ठिपका शंकास्पद वाटल्यास ग्रेडियंट एकोवर पडताळावा. स्टिरवर फाटलेले अस्थिबंध उजळतात, पण साधी सूजही उजळते, त्यामुळे अस्थिबंधाची काळी रेघ प्रत्यक्ष तुटलेली दिसल्याशिवाय ‘फाटला’ असे लिहू नये.

वयस्क माणूस तोंडावर पडून हात पायांपेक्षा अधिक लुळे झाले असतील, तर अस्थिभंग नसतानाही आधीच अरुंद असलेल्या मानेच्या कालव्यात (मणक्यांमधल्या रज्जूच्या पोकळीत) रज्जू चेंगरलेला असू शकतो.

‘कॉर्ड कंट्यूजन’ (रज्जूला मुका मार) एवढेच लिहिलेला अहवाल माझ्या मते अपुरा आहे. इजेची पातळी, सुजेची लांबी, दाब, श्रेणी आणि दुखापतीपासूनचे तास त्यात असावेत. दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रिया शक्यतो २४ तासांच्या आत व्हावी लागते, म्हणून अहवाल टंकित होण्याची वाट न पाहता शल्यविशारदांना दूरध्वनीवर कळवावे.