स्पंज नळाखाली धुतला आणि टाकी बिघडली

परळच्या घरी माझी माशांची 2 फुटी टाकी आहे, साधारण 55 लिटरची. क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेले निऑन टेट्रा मासे चार महिने मजेत होते. एका रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून अगदी पांढरा होईपर्यंत धुतला. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले, दोन गेलेही. फार वाईट वाटलं.

टेस्ट किटने पाहिलं तर पाण्यात माशांना विषारी असलेला अमोनिया 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक). स्पंजवरचे जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनने तेच मारले होते.

खाणं दोन दिवस बंद केलं. रोज एक तृतीयांश पाणी बदललं. नवं पाणी अँटीक्लोरीन घालून, टाकीइतकंच कोमट करून. शेजारच्या काकांनी त्यांच्या चालू टाकीतला जुना, काळपट स्पंज दिला. तो माझ्या फिल्टरशेजारी ठेवला. खरा उपाय तोच. बारा दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य.

आता स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळतो. थोडा मळकट राहिला तरी चालतो.