किनाऱ्यावर धावणाऱ्याला साथ देताय? या चुका टाळा

नाशिकच्या कोरड्या हवेत घामाचा अंदाज येत नाही. डिसेंबरात पहाटे गोल्फ क्लब मैदानावर पंचवीस किलोमीटर मारले, तरी चहा संपेपर्यंत टी-शर्ट सुकत आलेला असतो. तोच माणूस अलिबागहून रत्नागिरीकडे अनेक दिवसांच्या धावेवर निघाला की सकाळी आठलाच निथळतो. दमट हवेत घाम उडत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. तरीही वेग नाशिकचाच धरायचा, ही पहिली चूक. पहिले दोन दिवस त्याला आवरणं हे सोबतच्या गाडीतल्या माणसांचं काम आहे.

सगळ्यात घातक चूक मात्र मायेपोटी होते. दर थांब्यावर "पी रे, अजून पी" म्हणत आपण साधं पाणी पाजत राहतो. तहानेपेक्षा जास्त पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. माझ्या मित्राची बोटं संध्याकाळी सुजून अंगठी रुतली, डोकं ठणकायला लागलं, आणि मी अजून एक बाटली पुढे केली. सुदैवाने सोबतच्या डॉक्टरांनी ती बाटली काढून घेतली. तेव्हापासून साधा वजनकाटा गाडीत असतोच. सकाळपेक्षा संध्याकाळी वजन वाढलं असेल, तर पाणी थांबवा. बोलण्यात गोंधळ दिसला किंवा उलट्या थांबेनात, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. लघवी कोकाकोलासारखी गडद झाली तरी तेच. स्नायू तुटून त्याचा भार मूत्रपिंडावर येत असतो. म्हणूनच पाय दुखतात म्हणून आयबुप्रोफेन ही मूत्रपिंडावर आणखी ताण आणणारी वेदनाशामक गोळी देऊ नका.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी ओतली तर द्रावण फार दाट होतं. आधी लिटरभर कालवा, मग बाटल्या भरा.

खाण्याचं सोपं आहे. दुसऱ्या दिवसापासून धावताना खायचे गोड एनर्जी जेल नकोसे होतात. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, मेतकूट-भात, पेज, आपल्याकडचे बेदाणे चालतात. तेलकट चिवडा गाडीतल्यांसाठी ठेवा.

भरती-ओहोटी न बघता वेळापत्रक आखणं हीही नाशिककरांची हमखास चूक. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. काल सहाला ओहोटीत मिळालेली घट्ट वाळू आज त्याच वेळी मिळेलच असं नाही. आदल्या संध्याकाळी गावातल्या कोळीबांधवांना विचारा. समुद्राकडे कललेल्या वाळूवर सतत एकाच दिशेने धावलं की एका गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. अशा वेळी त्याला सरळ रस्त्यावर घ्या.

आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड इथे खाडी फेरीबोटीने ओलांडावी लागते. शेवटची बोट कधीची, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. ती चुकली तर गाडीला बराच वळसा पडतो आणि धावपटू पलीकडे एकटा राहतो. त्याच्याजवळ थोडे पैसे, ओळखपत्र, चार्ज केलेला फोन हवाच.

रात्री "कसं वाटतंय?" विचारू नका. "ठीक" हेच उत्तर येतं. मोजे काढायला लावा, पाय गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटांच्या बेचक्या टॉर्चने बघा. फोडावरची कातडी सोलू नका. टेप लावून सकाळी अर्धा नंबर मोठा बूट द्या.