अपेक्षित बिल आधी हाताने काढा
इंदूरच्या एखाद्या नमकीनच्या दुकानासाठी बिलिंगचा प्रोग्राम लिहिताय? मग तो चालवायच्या आधी दोन-चार बिलं दुकानाच्या काकांकडूनच हाताने करून घ्या आणि तीच ‘अपेक्षित’ फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रामचं उत्तर ज्याच्याशी ताडून बघायचं त्या फाइलमध्ये, उतरवा. प्रोग्रामने छापलेलंच उचलून अपेक्षित म्हणून ठेवलं, तर चूकही बिनबोभाट पास होते. समजा, 380 रुपये किलोची लौंग शेव 375 ग्रॅम घेतली: 142.50. काका सरळ 143 मागणार. पायथन 3 या प्रोग्रामिंग भाषेतलं पूर्णांक करून देणारं ‘राउंड’ मात्र 142 देतं, कारण बरोबर अर्ध्यावर आलं की ते सम संख्येकडे झुकतं. असली अडनिडी वजनं मुद्दाम घाला. अख्ख्या किलोच्या बिलात काही सापडत नाही.

प्रोग्रामची बिलं आणि ‘अपेक्षित’ फाइल यांची तुलना डोळ्यांनी नको, दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या ‘डिफ’ कमांडने करा. फाइली सारख्या असल्या तर ती गप्प राहते, एक्झिट कोड (संपताना कमांड परत देते तो आकडा) 0. फरक असला तर 1. तारीख आणि बिल नंबर दर वेळी बदलणारच, त्यांच्या जागी आधी ठरावीक मजकूर टाका. सगळं सारखं दिसूनही प्रत्येक ओळीवर फरक दाखवत असेल, तर एक फाइल बहुधा विंडोजवर बनलेली असते आणि ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हा न दिसणारा कॅरेक्टर चिकटलेला असतो. तो काढून पुन्हा चालवा.