घरच्या घरी डिफरन्शियल ऑइल बदलताना

गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणल्यास डिफरन्शियलमधील (वळणावर दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीतील) ऑइल कोमट व पातळ होते आणि तळाचा गाळ सोबत घेऊन बाहेर पडते. त्यानंतर गाडी सपाट जमिनीवर चार जॅक स्टँडवर (गाडीचा भार पेलणाऱ्या भक्कम आधारांवर) समपातळीत उभी करावी; केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये.

सर्वांत आधी वरचा, म्हणजे ऑइल भरण्याचा प्लग सैल करून पाहावा. हा क्रम क्षुल्लक वाटतो, परंतु जुने ऑइल काढून टाकल्यावर वरचा प्लग गंजून अडकल्याचे लक्षात आले, तर गाडी जागची हलवता येत नाही.

मग खालचा, म्हणजे ऑइल काढण्याचा प्लग उघडून जुने ऑइल बाहेर काढावे. या प्लगवर चुंबक असल्यास त्याला चिकटलेला करडा, मऊ लेप ही नेहमीची झीज असते. धातूचे टोकदार तुकडे आढळल्यास मात्र गिअरची तपासणी करून घ्यावी.

खालचा प्लग पुसून, नवा वॉशर घालून बसवावा. ऑइलचा दर्जा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच निवडावा. अनेक गाड्यांना ७५डब्ल्यू-९० (ऑइलचा दाटपणा), जीएल-५ (गिअर ऑइलची प्रत) चालते, तर लिमिटेड स्लिप (एकच चाक जागच्या जागी गरगर फिरणे रोखणाऱ्या) प्रकारच्या डिफरन्शियलला बहुधा घर्षण नियंत्रित करणारे वेगळे मिश्रण लागते. हातपंपाने भरताना ऑइल वरच्या छिद्रातून ओघळू लागले की थांबावे.